मागच्या सीटवरचा जाणकार

अकोल्यात कुणाला जुनी मोटरसायकल घ्यायची असली की तो आधी खुशालरावांना गाठतो, असं खुशालरावांचं स्वतःचं म्हणणं होतं. गोतावळ्यात ते खोडून काढायची तसदी कुणी घेतली नव्हती. साठीचा माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि चेहऱ्यावर कायम समोरच्याची कीव केल्याचा भाव. बसस्टँडामागच्या एका गॅरेजच्या बाकावर त्यांनी उभी हयात काढली होती. तिथं काम करायला नव्हे, नुसतं बसायला. मिस्त्री पिस्टन म्हणाला की हेही पिस्टन म्हणत, मिस्त्रीनं मान हलवली की हेही हलवत. बाकावर बसून जेवढी विद्या अंगाला लागते तेवढी लागली, आणि तेवढ्या भांडवलावर त्यांनी भाचे, पुतणे, जावई, शेजारीपाजारी, साऱ्यांच्या गाड्या पास-नापास केल्या.

दीपमाला त्यांची सख्खी भाची. हा मामा तिच्या लहानपणापासूनच डोक्यात जायचा. दहावीला तिला चांगले मार्क पडले तेव्हा पेपर सोपा निघाला म्हणून सांगत घरोघर फिरलेला माणूस तो. पण तिची आई, चतुराबाई, भावाच्या पुढं जायची नाही. गाडी घ्यायची तर मामाला सोबत न्यावं लागेल, नाहीतर घरातून निघायचं नाही, असं तिनं ठणकावून सांगितलं.

गाडी तर घ्यायलाच हवी होती. दीपमाला तेल्हारा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स होती, आणि लसीचा डबा घेऊन आसपासच्या गावांना जाणं हे तिचं रोजचं काम. इतके दिवस ती तिथला आरोग्यसेवक अश्विन याच्या गाडीवर मागं बसून जायची. अश्विन सरळ माणूस होता. सेमाडोहला बदली झाली तेव्हा जाण्याआधी त्यानं शाळेच्या मैदानावर तिला क्लच आणि गिअर शिकवून दिले. तो गेल्यावर तिनं येणाऱ्या-जाणाऱ्याला हात दाखवून पाहिला. कुणी नको त्या चौकशा करी, कुणी रस्ता मोकळा असतानाही उगाच ब्रेक मारी. आठवडाभर असे ब्रेक सोसल्यावर तिनं ठरवलं की एक तर स्वतःची गाडी, नाहीतर राजीनामा. परवाना मिळाला होता, हात मात्र अजून कच्चा होता.

मामांनी सुरुवातच नाक मुरडून केली. पोरीच्या जातीनं स्कुटी घ्यावी, मोटरसायकल शोभत नाही, हा पहिला निकाल. काळ्या मातीच्या रस्त्यावर स्कुटीचं छोटं चाक पावसाळ्यात जागच्या जागी रुतून बसतं, हे दीपमालानं दोनदा समजावलं. मामांनी ते दोन्ही वेळा ऐकलं नाही.

पहिली गाडी अकोल्यातच पाहिली. मामांनी गाडीभोवती फेऱ्या घातल्या, उकिडवं बसून टायर अंगठ्यानं दाबला, ऑइलचं झाकण काढून बोट आत घातलं आणि ते बोट नाकाशी नेलं. मग मालकाला गाडी सुरू करायला लावून डोळे मिटून आवाज ऐकला. शेवटी त्यालाच चालवायला सांगून स्वतः मागं बसले. गाडीचं खरं रूप मागच्या सीटवर कळतं, पुढं बसणाऱ्याला हँडल दिसतं आणि मागं बसणाऱ्याला गाडी दिसते, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लोक ते ऐकून माना डोलवत. दीपमालाला त्यात अर्थ दिसला नाही, पण मामाशी वाद घालणं म्हणजे पुन्हा आईशी वाद घालणं होतं. चक्कर मारून आल्यावर मामांनी आवाज बसका आहे म्हणून गाडी नापास केली.

दुसऱ्या गाडीसाठी दोघं एसटीनं अमरावतीला गेली. पंजाबराव नावाच्या मास्तरांची गाडी, जपून वापरलेली. मामांनी मास्तरांच्या घरी दोन कचोऱ्या खाल्ल्या, चहा बशीत ओतून प्यायले, मास्तरांच्या मागं बसून शिवाजीनगरपर्यंत फिरून आले, आणि टाकीला रंग दिलाय म्हणजे काहीतरी लपवलंय असा शेरा मारला. टाकीचा रंग मूळचा होता, हे पाहायला मिस्त्री असावं लागत नव्हतं. परतताना मामा एसटीत घोरत पडले आणि दीपमाला खिडकीतून रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या पाहत बसली. एक माणूस केवळ नाही म्हणता येतं एवढ्यावर जाणकार ठरतो, आणि आपण त्याच्या तिकिटाचे पैसे भरतो, याचा तिला संताप आला. मास्तरांची गाडी दुसऱ्याच दिवशी विकली गेली.

तिसरी गाडी पार्बताबाईंची. अकोट रस्त्याला त्यांची भाजीची वाडी होती. नवरा भगवंत याच गाडीवर मेथी-पालकाचे गठ्ठे बांधून पहाटे बाजार गाठायचा. गेल्या वर्षी काविळीनं तो गेला. बाईंनी गाडीचे कागद रीतसर स्वतःच्या नावावर करून घेतले, आणि मगच मुलीला फोनवर जाहिरात टाकायला लावली. भाव दीपमालाच्या आवाक्यातला होता. गाडी गोठ्याच्या आडोशाला ताडपत्रीखाली उभी होती. ताडपत्री काढल्यावर दिसलं की चेनला तेल आहे, तारांवर गंज नाही, आणि गठ्ठे बांधायचा लोखंडी आकडासुद्धा घासून ठेवलेला आहे. दीपमालाला गाडी पाहताक्षणीच आवडली.

मामांचा खेळ सुरू झाला. फेऱ्या, अंगठा, बोट, नाक. बाजूला मेथीच्या जुड्या बांधत बसलेल्या बायका कौतुकानं पाहू लागल्या, तसा मामांना आणखी चेव चढला. पार्बताबाईंनी किक मारून गाडी सुरू करून दिली. नवऱ्यामागं तेवढं त्यांनी सोडलं नव्हतं, बॅटरी बसू नये म्हणून आठवड्यातून एकदा त्या गाडी सुरू करून ठेवत. मामांनी डोळे मिटून आवाज ऐकला. मग नेहमीच्या सवयीनं म्हणाले, आता चालवा.

चालवणार कोण? पार्बताबाईंना गाडी येत नव्हती, मुलगी कॉलेजला गेलेली, वाडीत दुसरा पुरुष नाही. बाईंनी साधेपणानं हँडल मामांपुढं केलं. तुम्हीच एक चक्कर मारून या म्हणाल्या.

खुशालराव जागचे हलले नाहीत. आधी गुडघा दुखतो म्हणाले. मग चप्पल बरोबर नाही म्हणाले. बायका पाहतच होत्या. मामांच्या कपाळावर घाम आला, आणि दीपमालाच्या डोक्यात इतक्या वर्षांचा मागच्या सीटचा हिशेब एकदम जुळला. तरीही ती गप्प राहिली असती. मामानं गुपचूप माघार घेतली असती तर तिनं काही बोलून दाखवलं नसतं. पण असल्या माणसाला माघार घ्यायची तर वाटेत कुणाला तरी तुडवावंच लागतं.

"ठोकलेली आहे ही गाडी," मामा मोठ्यानं म्हणाले. "हँडल डावीकडं वढत असन. बाई, तुमचा मालक पिऊन चालवत असन, कुठंतरी आदळली त्यानं."

जुड्या बांधणारे हात थांबले. पार्बताबाईंचा चेहरा पांढरा पडला.

"त्यायनं कधी पानबी नाही खाल्लं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि गाडी बंद केली.

दीपमालाला मामाची शिसारी आली. किटलीतून वाफ निघावी तसा राग तिच्या तोंडून निघाला, पण आवाज तिनं चढवला नाही.

"मामा, तुमाले गाडी चालवता येत नाही ना?"

"काय बोलून राहिली तू? तीस वर्सं झाले मले गाड्या पाहून."

"तीस वर्सं तुमी मागं बसून राहिले."

मामांनी इकडंतिकडं पाहिलं. त्यांच्या बाजूनं बोलणारं तिथं कुणी नव्हतं. दीपमालानं ओढणी कमरेला खोचली आणि गाडीवर टांग टाकून किक मारली. मैदानाबाहेर तिनं गाडी कधी नेलीच नव्हती. क्लच झटक्यात सुटला आणि गाडी बंद पडली. दुसऱ्यांदाही पडली. एक बाई फिसकन हसली. तिसऱ्या वेळी गाडी निघाली, हेलकावे खात वाडीच्या बांधावरून कच्च्या रस्त्याला लागली. दुसरा गिअर, तिसरा गिअर. सरळ रस्ता आल्यावर तिनं हँडल अगदी हलक्या हातानं धरून पाहिलं. गाडी रेषेसारखी सरळ चालली होती. ब्रेक दाबला तर जागेवर थांबली. कुणाच्या पाठीकडं न पाहता समोरचा रस्ता पाहणं हे तिला इतकं आवडलं की ती गरजेपेक्षा बरीच लांब गेली आणि मग परतली.

ती परत आली तेव्हा मामा सावलीत बसून बायकांना सांगत होते की पोरीला क्लच आपणच शिकवला, अजून जरा घाई करते एवढंच. दीपमालाला आता संतापही येईना. एवढ्या उघड्या पडलेल्या माणसावर संतापायचं तरी काय, असं तिला झालं.

पार्बताबाई पुढं आल्या. भाव ठरवायची घाई त्यांना नव्हती. त्यांनी फक्त विचारलं, हँडल ओढतं का.

"नाही मावशी. सरळ जाते," दीपमाला म्हणाली. मग मामांकडं वळली. "आता तुमी सांगा यायले. गाडी कशी आहे ते."

खुशालराव उठले. शर्ट झटकला, खाकरले. माफी मागायची वेळ होती, पण तो शब्द त्यांच्या तोंडाला कधी लागला नव्हता. त्यांनी सीटवर दोन बोटं वाजवली, मान हलवली, आणि गॅरेजच्या बाकावरून द्यावा तसा निकाल दिला.

"गाडी चांगली आहे, बाई."

पार्बताबाईंनी पदरानं टाकीवरची धूळ पुसली, चावी काढून दीपमालाच्या हातात ठेवली, आणि खुशालरावांकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"ते मले मालूम होतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमाले कसं समजलं?"