बादशहाचं बदक

“हे शेवटचं अक्षर ‘बदक’ आहे,” लिन म्हणाली आणि हसत सुटली.

मला हसू येईना. पुण्याहून इथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आले, पीआर, म्हणजे इथली कायमची रहिवासी झाले, आणि आता सिडनीतल्या एका छोट्या ऑक्शन हाउसमध्ये जुन्या काचेची तज्ज्ञ म्हणून मिरवते. लिन आमच्या फ्रंट डेस्कवर असते, आणि तिला चिनी वाचता येतं. तिला सहज म्हणून एका फुलदाणीच्या बुडाचा फोटो दाखवला होता. तीच फुलदाणी आमच्या कॅटलॉगच्या कव्हरवर होती. कॅटलॉग छापून झाला होता. हाँगकाँगचा एक ग्राहक उद्या ती बघायला येणार होता.

फुलदाणी अस्सल होती, याबद्दल मला शंका नव्हती. पांढऱ्या काचेवर लाल काचेचा थर चढवायचा. गार झाला की फिरत्या चाकावर नको असलेला लाल भाग घासून काढायचा. उरते ती नक्षी. चिनी बादशहाच्या दरबारासाठी असं काम व्हायचं. चाकाचे ओरखडे मी भिंगाखाली तासभर पाहिले होते. बुडावर चार अक्षरांचा शिक्का असतो: बादशहाचं नाव आणि ‘काळात बनवलं’. अक्षरं ओळखीची वाटली, मी ‘ओके’ लिहून टाकलं. मला चिनी वाचता येत नाही. ऑफिसात कुणी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं.

आता यूव्ही टॉर्च मारला. बुडावर नाण्याएवढा गोल निळसर चमकला. तिथे काच नव्हती, भोकं बुजवायचं रेझिन होतं; यूव्हीखाली ते असं चमकतं.

फुलदाणीच्या मालकाला फोन लावला. बॅरी, केलीव्हिल या उपनगरातला. जन्मभर टाइल्स बसवून रिटायर झालेला.

“बॅरी, बुडाला भोक होतं का?”

“होतं की, मेट. आईचा लॅम्प होता तो. वायरसाठी डॅडने पाडलं.”

“बुजवलं कुणी?”

“मी! मस्त झालंय ना? एक अक्षर उडालं होतं, तेही कोरलं परत.”

“कशावरून?”

“चायनीज टेकअवेच्या मेन्यूवरून. साधारण तसंच दिसत होतं. नो वरीज.”

मी तडक बॉसच्या केबिनमध्ये गेले. हेलनने सगळं ऐकून घेतलं.

“तुला चिनी येत नाही, हे तू आज सांगतेयस?”

“हो.”

“आणि बूड कोण बघणार आहे?”

“तो माणूस विमानाने बूडच बघायला येतोय, हेलन.”

तिने समोरचा कॅटलॉग पालथा ठेवला. मग म्हणाली, “तू सांग त्याला. तूच.”

सकाळी मी त्याच्यासमोर फुलदाणी उलटी केली आणि भोक, रेझिन, मेन्यू, सगळं सांगितलं. त्याने भिंग लावलं, बराच वेळ वाचलं.

“बदकाचे वेगळे पैसे नाहीत ना?” त्याने विचारलं.

लिलावात त्यानेच ती घेतली, आमच्या अंदाजाच्या निम्म्यात. बॅरी खूष होता, कारण त्याला तेवढेही अपेक्षित नव्हते. हेलन आठवडाभर माझ्याशी फक्त ईमेलवर बोलली. शिक्के आता आधी लिन वाचते, मग मी सही करते.

तज्ज्ञ व्हायला पुष्कळ शिकावं लागतं. पण ‘मला हे येत नाही’ हे वाक्य आधी शिकलेलं बरं. कॅटलॉग छापायच्या आधी.