भाऊबीजेची गाडी

रात्री उभी केलेली गाडी सकाळी बसलेली असायची. अगदी बैल बसावा तशी – पुढचे पाय आधी मुडपून, पोट जमिनीला टेकवून, जगाशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं. पिकल्या जांभळाच्या रंगाचं तिचं ते लांबलचक अंग आमच्या यवतमाळच्या घराच्या टिनाच्या शेडात कसंबसं मावायचं आणि शेपटाकडचा थोडा भाग कायम उन्हात राहायचा. आई पदर खोचून आत बसायची, किल्ली फिरवायची. मग गाडीच्या पोटातून एक दीर्घ, म्हातारा सुस्कारा निघायचा आणि ती आधी मागून, मग पुढून, हळूहळू उठून उभी राहायची. शेजारची पोरं तोंडात ब्रश घेऊन हा सोहळा बघायला आमच्या फाटकाशी जमायची. एवढं वैभव आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाच्या दारात नव्हतं, आणि एवढी कटकटही नव्हती.

ती गाडी आम्ही विकत घेतली नव्हती. बाबा वकील असले तरी जिल्हा कोर्टातले वकील. त्यांची झेप स्कूटरपर्यंत. गाडी आली ती वसंतमामाकडून. वसंतमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. वणीकडे त्याची जिनिंग होती – कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना – आणि त्या वर्षी कापसाला असा भाव होता की मामाचे पाय जमिनीवर नव्हते. भाऊबीजेला आईनं त्याला ओवाळलं आणि त्यानं तबकात नोट न टाकता किल्ली टाकली. निरांजनाच्या उजेडात ती किल्ली चमकली, आई हरखली, आम्ही भावंडं दाराकडे धावलो... आणि बाबा मात्र किल्लीकडे असे बघत राहिले, जसा माणूस दारात हत्ती आणून बांधणाऱ्या पाहुण्याकडे बघतो.

गाडी तेव्हाच म्हातारी होती. मुंबईच्या कुणा शेठजीकडून ती नागपूरच्या ठेकेदाराकडे आली, तिथून मामाकडे, आणि आता आमच्याकडे. चार घरं फिरलेली ती विलायती बाई होती, पण तिचा रुबाब पहिल्या घरचाच होता. दार लावलं की धाडकन आवाज यायचा नाही. एक मऊ, जड 'धप्' व्हायचं, आणि बाहेरचं यवतमाळ – रिक्षांचे भोंगे, भाजीवाल्यांच्या आरोळ्या, वैशाखातली ती भाजून काढणारी झळ – सगळं एकदम दूर जायचं. आत जुन्या चामड्याचा, लाकडाच्या पॉलिशचा आणि कुठल्याशा अनोळखी अत्तराचा वास होता. मी डोळे मिटून तो छाती भरून घ्यायची. श्रीमंतीला वास असतो हे मला चौथीतच कळलं. तो वास पोसायला काय लागतं, ते कळायला अजून थोडा वेळ होता.

आईला गाडी चालवायला मामानंच शिकवलं होतं, त्याच्या जिनिंगच्या आवारात, कापसाच्या गंजींमधून. हवेत रुईचे तंतू तरंगत असायचे, राजूरच्या खाणींकडून येणारी कोळशाची काळी धूळ त्यांच्यात मिसळायची, आणि त्या काळ्या-पांढऱ्या धुक्यातून आई नऊवार नव्हे तर चांगली सुती सहावार साडी नेसून, जीभ दातांत धरून, गोल गोल फिरायची. शाळेत मराठी शिकवणाऱ्या माझ्या आईच्या चेहऱ्यावर मी तसा आनंद दुसऱ्या कशानंही पाहिला नाही. सणाला नाही, पुरणपोळी फुगल्यावर नाही, आणि मी वर्गात पहिली आले तेव्हाही नाही. हे मी आता कुठलीही तक्रार न करता लिहू शकते.

पण म्हातारी विलायती गाडी म्हणजे काय चीज असते, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तिच्या काचा बटणानं खाली जातात. वर येतीलच असं नाही. आमची डावीकडची मागची काच पौषातल्या थंडीत खाली गेली ती होळीला वर आली. तिच्या छताला खिडकी असते, आणि त्या खिडकीचं पाणी वाहून जायला आतून बारीक नळ्या असतात. त्या मामाच्या जिनिंगमधल्या रुईनं कधीच्या तुंबलेल्या होत्या, त्यामुळे पावसाळ्यात बाबा पुढच्या सीटवर छत्री उघडून बसत. इंजिन तापायचं. कळंबच्या चिंतामणीला निघालो की वाटेत एकदा तरी बॉनेट उघडून, वाफा निवेपर्यंत, बाभळीखाली बसून घरून आणलेला चिवडा खायचा, हा आमच्या दर्शनाचा विधीच झाला होता. आणि ज्या हवेच्या फुग्यांवर ती उभी राहायची त्यांना भेगा पडल्या होत्या, म्हणून तर ती रात्री बसायची.

दुरुस्ती सलीमभाई करायचे. ट्रॅक्टर आणि अँबॅसिडर यांच्यावर हयात गेलेला तो माणूस या गाडीपुढे प्रथम आदरानं आणि नंतर चिडून उभा राहायचा. "मॅडम, ये गाडी नहीं, नवाबसाब है," ते आईला म्हणत. "खातेत बी लय, अन् रुसतेत बी लय." पार्ट मुंबईहून मागवावा लागे, तो येईपर्यंत महिना जाई, आणि आला की चुकीचा निघे. शेवटी वैतागून त्यांनी ते फुगे काढून कुठल्याशा टेम्पोच्या स्प्रिंगा बसवल्या. तेव्हापासून गाडी बसायची बंद झाली, पण मागून अशी उचलली गेली की चालताना सारखी वाकून नमस्कार करते आहे असं वाटायचं. फाटकाशी जमणारी पोरं हिरमुसून गेली.

बाबा या सगळ्याचा हिशेब रुपयांत कधीच करत नसत, कापसात करत. कळंब रोडला आमचं शेत होतं, कापूस आणि तुरीचं, आणि त्यातलं पीक हेच त्यांचं माप. "या खेपेस पाण्याचा पंप एक क्विंटल," ते जेवताना जाहीर करत. "काच अर्धा क्विंटल." आधी त्यात थट्टा होती. मग कापसाचे भाव कोसळू लागले, आणि तोच पंप दोन क्विंटलला पडू लागला. पार्ट महाग झाला नव्हता, आम्ही स्वस्त झालो होतो. बाबांच्या बोलण्यातली थट्टा हळूहळू गेली.

त्याच वर्षांत वणीकडच्या जिनिंगा एकेक करून गप्प होत गेल्या. मामाची सुद्धा. मशिनं विकली, आवार गेलं, नागपूरचा फ्लॅट गेला. पूर्वी मामा यायचा तेव्हा गल्लीच्या तोंडापासून त्याचा हसण्याचा आवाज ऐकू यायचा. आता तो भाऊबीजेला वणीच्या एसटीनं यायचा, हातात एक रेक्झिनची पिशवी, आणि स्टँडवर कोपऱ्यात उभा राहायचा. तेव्हा आईनं एक गोष्ट मनाशी पक्की केली. मामाला आणायला ही गाडीच जाणार. त्याच्या चांगल्या दिवसांतलं एवढंच काय ते शाबूत होतं, आणि ते त्याला दरसाली चालतं-फिरतं दिसलं पाहिजे. मामाही पुढच्या सीटवर बसायचा, लाकडी पट्टीवरून हात फिरवायचा, आणि स्टँड ते घर एवढ्या रस्त्यात पुन्हा थोडा जुना मामा व्हायचा.

उमरखेडचा एक माणूस गाडी मागत होता. लग्नात नवरदेवासाठी भाड्यानं द्यायला त्याला अशी ऐटबाज गाडी हवी होती. बाबांनी विषय काढला की घरात ठिणगी पडायची.

"मायेवर पेट्रोल मिळत नसते, सुमन," बाबा म्हणत.

"ओवाळणी विकत असतेत काय कोणी?" आई म्हणे. "त्याले काय वाटन? की तुया वेळा फिरल्या तसं आम्ही बी तुले काढून टाकलं?"

गाडी राहिली.

मग ते वर्ष आलं. दसऱ्यानंतर पहिल्या वेच्याचा कापूस निघाला – पांढराफेक, एकही कवडी, म्हणजे किडकं बोंड, नसलेला – पण खरेदी केंद्र काही उघडेना, आणि व्यापारी मागतील त्या भावात द्यायला बाबा तयार होईनात. त्या वर्षी आमच्याकडे सगळ्यांनी तेच केलं: कापूस घरात भरला. वकिलांच्या बैठकीत कापूस, मास्तरांच्या झोपायच्या खोलीत कापूस. कापसातल्या बारीक किड्यांनी आमच्या अंगभर खाज सुटली होती, आणि आम्ही शाळेत ओळीनं बसून ओळीनं खाजवत होतो. आमच्या घरात जागा संपली तेव्हा आईला एक युक्ती सुचली, आणि ती सुचली म्हणून तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं. दाराला कुलूप, काचा बंद, पावसाचा थेंब नाही – छताची खिडकी सलीमभाईंनी डांबरानं कायमची बुजवून टाकली होती – याहून सुरक्षित खोली कुठली? राहिलेला कापूस तिनं गाडीत भरला. मागच्या सीटवर, डिकीत, थेट छतापर्यंत. भाऊबीजेच्या आधी काढू म्हणाली, पण केंद्र उघडलंच नाही आणि कापूस तिथेच राहिला.

सरकीच्या वासावर उंदीर कुठून कुठून येतात, हे कापूस पिकवणाऱ्यांना सांगायला नको. पण गाडी ही गोष्ट उंदरांच्या जगातली नाही असं आम्हाला उगाच वाटत होतं. भाऊबीजेच्या सकाळी आई न्हाऊन, नवी साडी नेसून शेडात गेली, किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. सुस्कारासुद्धा नाही. सलीमभाई धावत आले, त्यांनी उकिडवं बसून गालिचा उचलला. वायरींच्या जागी नुसत्या तांब्याच्या नागड्या तारा होत्या.

"खतम, मॅडम," ते म्हणाले. "सगळं खाऊन टाकलं लेकाच्यायनं."

आई चाकाशेजारी जमिनीवर बसली आणि रडू लागली. बाबांनी स्कूटर काढली, पण तोवर एसटी येऊन गेली होती, आणि मामा सायकलरिक्षानं दारात उतरला होता. त्यानं शेडाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. गाडीचं मागचं दार उघडलं... आणि कापूस त्याच्या पायांवर कोसळला.

मला वाटलं, आता मामा खचणार. मामानं वाकून मूठभर कापूस उचलला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढला, आणि निघालेला धागा डोळ्यांपुढे धरला. जिनिंगमध्ये कापसाच्या बैलगाड्या येत तेव्हा तो असाच प्रत्येक गाडीचा कापूस पाहायचा.

"काय धागा आहे ताई!" तो म्हणाला. "किती दिवसानं हात लागला वं कापसाले." आणि तो हसला. गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जाईल असा. उंदरांनी गाडी खाल्ली यावर त्या दिवशी पहिल्यांदा हसणारा माणूस तोच होता.

पण पाटावर बसल्यावर त्याचं हसू मावळलं. आईनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं, आणि तबक पुढे धरलं. मामाचा हात शर्टाच्या खिशात गेला आणि तिथेच राहिला. मी त्याच्या अगदी जवळ बसले होते. खिशातली बोटं हलत होती, शोधत नव्हती. तिथे काही नाही हे त्याला घरून निघतानाच माहीत होतं. मला त्याच्याकडे बघवेना.

"थांब वसंता," आई म्हणाली. "दरसाली तू आपल्या मनानं देतं. यंदा मी मागीन ते द्या लागन."

"माग न, ताई," मामा म्हणाला.

"मले ही गाडी विकू दे. तुयी ओवाळणी आहे, तू हो म्हटल्याबिगर मले विकता येत नाही. लय छळलं तिनं मले. मोकळी कर."

बाबांनी झटकन वर पाहिलं. वर्षानुवर्षं ते हेच म्हणत आले होते. आयता जिंकलेला खटला समोर होता. ते मान खाली घालून सुपारी कातरत राहिले. त्या एका गप्प बसण्यासाठी मी माझ्या वडिलांवर जन्मभर प्रेम करत आले आहे.

मामानं खिशातून हात काढला आणि रिकामा तळहात तबकावर ठेवला. "दिलं," तो म्हणाला. "जाय ताई, दिलं तुले." आणि तो ताठ बसला, काहीतरी मोठं देऊन झाल्यावर माणूस बसतो तसा.

दिवाळी सरल्यावर उमरखेडच्या माणसानं ट्रॅक्टर आणला, गाडीला दोर बांधला. ओढून न्यायच्या गाडीतही स्टिअरिंग धरायला कुणीतरी लागतं. आईनं चपला घातल्या आणि जाऊन बसली. आर्णी नाक्यापर्यंत, इंजिन बंद असलेली ती गाडी आई दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून सरळ चालवत घेऊन गेली, तिथे ते उमरखेडच्या माणसाच्या हाती दिलं, आणि रिक्षानं परत आली. त्या संध्याकाळी तिनं सगळ्यांसाठी भजी तळली.

मामा पुढेही दरसाली येत राहिला, एसटीनंच, आणि तबकात जे जमेल ते टाकत राहिला. आता तो नाही. भाऊ नसलेल्या बायका करतात तसं आई आता चंद्राला ओवाळते. गच्चीवर कठड्याला धरून उभी राहते, गुडघे दुखतात तरी. मागच्या वर्षी मी तिच्यासोबत होते. निरांजन खाली ठेवून ती वळली तेव्हा मी उगाच विचारलं, "आई, ओवाळणी नाही मागितली त्याला?"

"मागाचं ते देणाऱ्यासाठी मागाचं असते, बाई," ती म्हणाली. "चंद्राले कायची कमी आहे?"