भाऊसोनानांचा खराटा

आमचे चुलते भाऊसोनाना यांनी आजवर कुणावर पुरता विश्वास ठेवल्याचं मला आठवत नाही. घरच्या माठातलं पाणीसुद्धा ते आधी वास घेऊन मग पितात. सगळा जन्म मेंढरांमागं गेला. मुलगा सूरज सोनं गाळून शुद्ध करायच्या, गलाईच्या धंद्यात परमुलखात गेला, मेंढरं राखायला कुणी उरलं नाही, तेव्हा कळप विकून नानांनी वरातींना भाड्यानं द्यायला घोडी घेतली. तिचं नाव राणी. कडेगावजवळच्या आमच्या वस्तीवर तिला पत्र्याचं शेड घातलं, खाली उसाचं पाचट अंथरलं. नानांचा तिच्यावर जीव आहे, आणि जीव आहे म्हणून संशयही सगळा तिच्याभोवतीच फिरतो.

शेड साफ करायला अवजारं हवीत म्हणून मी त्यांना विट्याला सम्मेदच्या दुकानात नेलं. नानांनी फावड्याच्या पात्यावर टिचकी मारली आणि आवाज बद्द येतो म्हणून ते खाली ठेवलं. दांड्याच्या रंगाखाली भेग लपवलीय का, ते नखानं खरवडून पाहिलं. घमेलं उजेडाकडं धरून भोकं शोधली. मग सम्मेदनं लांब दांड्याचा, लोखंडी दातांचा पंजा पुढं केला.

"नाना, घोडीला ह्यो न्या. नुसती वरची लीद झाडून भागत न्हाई, खालचं वलं पाचट उचलाय लागतंय."

"एवढं लांब दात? घोडीच्या पायात घुसलं म्हंजे?" नाना म्हणाले, आणि बाहेर येताच माझ्या कानाला लागले, "खपत नसंल त्येच्याकडं. आपल्या गळ्यात मारतोय."

शेवटी एक घमेलं घेऊन परतलो. झाडायला नानांनी स्वतः बांधलेला तुरकाट्यांचा खराटा होताच. मेंढ्यांच्या कोरड्या लेंड्या त्यांनी आयुष्यभर अशाच खराट्यानं झाडल्या होत्या, घोडीची लीदही ते तशीच सकाळ-संध्याकाळ झाडू लागले. वरून शेड इतकं लख्ख, की पाहुण्यांना मुद्दाम नेऊन दाखवायचे. शेजारचे नाथाजी एकदा म्हणाले, "नाना, खाली वल धरली आसंल, पाचट उलथं करा." त्या दिवसापासून शेडाला कुलूप लागलं. नाथाजीचा घोडीवर डोळा आहे, असं नानांनी ठरवूनच टाकलं.

लग्नसराई तोंडावर आली आणि राणी पुढचा पाय टेकेना. खुराला घाण वास येऊ लागला. नानांनी नालबंदाला शिव्या घातल्या, भुसा चाळून पाहिला, कुणी काही टाकलं असेल म्हणून पाण्याचा हौद उपसला. मलाही सोडलं नाही. "तू काल किल्ली घिऊन शेडात कशाला गेलतास?" मला संताप आला, पण भांडवेना. विचारताना त्यांचा हात घोडीच्या पायावरून निघत नव्हता.

डॉक्टर आले. खूर खरवडून म्हणाले, "खालून कुजायला लागलाय. ही सारखी ओल्यात उभी असते. आणखी थोडे दिवस गेले असते तर कायमची लंगडी झाली असती."

"वल कुठली? रोज दोन टायमाला झाडतोय मी," नाना म्हणाले, आणि डॉक्टरांकडंही त्याच नजरेनं बघू लागले.

तेवढ्यात आमच्या चुलती, हरणाबाई काकू, उठल्या. नाथाजींच्या गोठ्यातून पंजा मागून आणला, राणीला बाजूला सारलं आणि ती उभी होती तिथला पाचटाचा थर उलथा केला. खाली काळा चिखल होता. वासानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टर औषध देऊन गेल्यावर नानांनी काकूंना विचारलं, "तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"सम्मेद बोलला, तर माल खपिवतोय म्हणालासा. नाथाजी भावजी बोललं, तर शेडाला कुलूप घातलासा. मी बोलल्यावर मला काय म्हणला असता, त्ये मला ऐकायचं न्हवतं."

दुसऱ्या दिवशी नाना एकटेच विट्याला जाऊन पंजा घेऊन आले. टिचकी नाही, नख नाही. सम्मेदनं मला फोन करून नानांची तब्येत बरी आहे ना, अशी चौकशी केली. घरी आल्यावर नानांनी तो पंजा काकूंच्या पुढं धरला.

"दात सरळ हायती का, तू बघ," ते म्हणाले.