मैनाच्या बाजूचा कापूस

जानरावांनी उभा जन्म अकोल्याच्या जिनिंग कारखान्यात कापसाच्या गाठी बांधल्या-उचलल्या, पण या गादीएवढी जपून एकही नेली नसेल. गादी गुंडाळली असती तर तिच्यात पडलेला खळगा मोडला असता. म्हणून हातगाडीवर सपाट पसरून ते ती पिंजाऱ्याकडे घेऊन आले.

गादीच्या डाव्या अंगाला त्यांच्या बायकोच्या, मैनाच्या, पाठीचा खळगा होता. ती गेल्यापासून ते खाली चटईवर झोपत. उजव्या अंगाला उंदराने भोक पाडलं, म्हणून येणं भाग पडलं.

"अर्धीच पिंज. डाव्या बाजूले हात लावू नोको," जानराव म्हणाले.

नईम पिंजारी हसला. "काका, अर्धी फुगन, अर्धी बसलेली राहीन. घरंगळून खाली पडसान ना."

"पडीन. तुले काय करा लागते?"

नईमने खळग्याकडे पाहिलं. "काकूची बाजू?"

"हं."

त्याने उजवी शिवण उसवली आणि पिंजायची मशीन सुरू केली. जानराव कापसाचे गोळे हाताने सोडवून देऊ लागले.

"तुमी गाठी बांधणारे," नईम म्हणाला, "अन् आमी सोडणारे."

फळीवर एक विटकी रजई होती. "हे कोनाची?" जानरावांनी विचारलं.

"गिऱ्हाईकाची."

"गिऱ्हाईक येत नाई काय?"

नईमने मशीन बंद केली. "अम्मीची हाय. लोकायच्या रजया रोज फाडतो मी. ते गेल्यापासून हिले हात लागत नाई."

जानरावांनी रजई खाली घेतली, दाबून पाहिली. "सर्दावली. अशीच ठेवली तं किडा लागन. मंग काईच हाती लागनार नाई."

बोलता बोलता त्यांचा हात आपल्या गादीच्या डाव्या अंगावर गेला.

"कैची दे," ते म्हणाले. "तू ते रजई उसव. मी हे गादी उसवतो."

डाव्या अंगाचा कापूस दबून चामड्यासारखा झाला होता. त्यांनी तो चिमूट चिमूट सोडवला. नईमने घाई केली नाही.

मशीनमधून कापूस फुलून बाहेर आला. "काकूचा ढीग येगळा ठेवू?"

जानरावांनी कोपरापर्यंत हात त्यात घातला. "कायले येगळा? एकजागी कर."

त्या रात्री ते गादीवर झोपले. सकाळी पुन्हा दुकानावर गेले. रजईचे टाके राहिले होते. एक टोक जानरावांनी ताणून धरलं, दुसऱ्या टोकाकडून नईम शिवत आला.

"वाकडं गेलं," जानराव म्हणाले. "उसव."

नईमने उसवलं.