पाठ करून दिलेला पसंतीक्रम

सत्तरच्या दशकात मी लकडगंजजवळच्या एका खासगी शाळेत मराठी शिकवत होते. दर एप्रिलात माझी नोकरी संपायची आणि जूनमध्ये, संस्थेची मर्जी असेल तर, पुन्हा लागायची. बाबांची गिरणी सुटली होती. छातीच्या दुखण्यानं ते घरीच असत. घर माझ्या पगारावर चाले.

त्या वर्षी विधान परिषदेसाठी शिक्षकांच्या मतदारसंघाची निवडणूक आली. मी पहिल्यांदाच तिथे मत देणार होते. त्यात शिक्का मारायचा नसतो, उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीचे आकडे लिहायचे असतात. आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी मधल्या सुट्टीत मला ते समजावून सांगितलं. त्या वयानं मोठ्या, कायम झालेल्या, आणि मला धाकट्या बहिणीसारखं वागवणाऱ्या. एरवी आपला माणूस पडला की मत त्याच्याबरोबर मातीत जातं, असं त्या म्हणाल्या. इथे तो पडला तर आपलं मत दुसऱ्या पसंतीकडे जातं, तोही पडला तर तिसऱ्याकडे. म्हणून न भिता मनातला माणूस पहिला लिहायचा.

मला ही रीत फार आवडली. माझ्या मनात उमरेडकडचा एक हायस्कूल मास्तर होता. शिक्षकांना एप्रिल-जूनच्या या फेऱ्यातून सोडवा म्हणून तो वर्षानुवर्षं भांडत होता. त्याच्यामागे कुठली मोठी संस्था नव्हती. तरी त्याला पहिलं मत दिलं तर ते वाया जाणार नाही, याचा मला आनंद झाला.

मग संस्थेच्या सचिवांनी आम्हाला एकेकटं खोलीत बोलावलं. त्यांचे साडू निवडणुकीला उभे होते. पहिली पसंती साडूंना, हे मी धरूनच गेले होते. पण त्यांनी पुढच्या सगळ्या उमेदवारांचा क्रमही सांगितला आणि माझ्याकडून तो दोनदा म्हणवून घेतला. मास्तराचा नंबर चौथा होता. बाकीचे आकडे कशाला, असं मी विचारलं.

"प्रत्येकीला वेगळा क्रम दिला आहे, बाई," ते शांतपणे म्हणाले. "मोजणीच्या टेबलाजवळ आपली माणसं असतात. कोणाचं मत आलं, कोणाचं नाही, ते कळतं."

त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. तो मी प्याले.

बाहेर आल्यावर गणिताच्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनाही वेगळा क्रम मिळालाच होता. इतके उमेदवार म्हटल्यावर शाळेतल्याच काय, जिल्ह्यातल्या प्रत्येक शिक्षकाला वेगळा क्रम देता येईल, असं त्या म्हणाल्या. मनातलं सगळं लिहू देणारी मतपत्रिका आमच्यासाठी अंगठ्याच्या ठशासारखी झाली होती. कोरी टाकावी, तर माझा क्रम सापडणार नाही. एकच आकडा लिहावा, तरी सापडणार नाही. मी सगळ्या वाटा पाहिल्या, आणि प्रत्येक वाट सचिवांच्या खोलीत जात होती.

घरी बोलायची सोय नव्हती. छप्पन साली बाबांनी सगळ्यांबरोबर दीक्षा घेतली. तेव्हापासून मताच्या दिवशी ते धुतलेला पांढरा सदरा घालून जात. मत कोणाले सांगायचं नसते, बापालेही नाही, असं त्यांनीच मला शिकवलं होतं.

मतदानाच्या दिवशी आडोशामागे मी बराच वेळ उभी राहिले. मास्तराच्या नावापुढे हात गेला आणि थांबला. मग पाठ केलेला क्रम लिहून मी बाहेर पडले. बाबा दारातच बसले होते.

"देऊन आली का वं मत?"

मी हो म्हणाले. ते समाधानानं हसले, आणि मी आत जाऊन पीठ मळायला घेतलं.

मोजणी लांबली. कोणालाच पुरेशी मतं नव्हती. एकेक उमेदवार बाद होत गेला, शेवटी साडूही बाद झाले आणि त्यांचे गठ्ठे उघडले. माझ्या क्रमातले दुसरा आणि तिसरा आधीच पडले होते. म्हणजे माझं मत मास्तराकडे गेलं. तशाच आणखी मतांवर तो थोडक्यात निवडून आला.

त्या आठवड्यात सचिव शिक्षकांच्या खोलीत आले. सगळ्यांसमोर गणिताच्या बाईंना म्हणाले, "बाई, तुमचं मत काही दिसलं नाही."

"दिसणार कसं?" बाई म्हणाल्या. "मी तुमच्या माणसाला दिलंच नाही."

खोलीत कोणी मान वर केली नाही. मीही नाही. जूनमध्ये बाईंची बदली संस्थेच्या भिवापूरच्या शाखेत झाली. मला मात्र कायम केल्याचा आदेश मिळाला.

दिवाळीच्या सुट्टीत एसटीनं मी त्यांना भेटायला गेले. अंगणात मिरच्या वाळत होत्या. माझं मत कुठून कुठे गेलं ते मी रडत रडतच सांगितलं. त्या मोकळ्या हसल्या. "मग काहून रडून राहिली? मीही मास्तरालेच दिलं होतं. मोजताना तुझं नि माझं मत सारखंच."

त्यांनी ते मायेनं म्हटलं होतं. मला मात्र ती दोन मतं सारखी वाटेनात.

पुढच्या निवडणुकीत सचिवांनी मला पुन्हा क्रम दिला. मी तो न चुकता म्हणून दाखवला. आडोशामागे मात्र मला हव्या त्या नावापुढे फक्त एकचा आकडा लिहिला आणि बाकी रकाने कोरे सोडले. नंतर शिपाई वर्गाच्या दाराशी आला की माझा खडू थांबायचा. वर्ष गेलं, मला कोणी बोलावलं नाही. त्या वेळी त्यांनी पाहिलंच नव्हतं, की पाहून ठेवलं होतं, हे निवृत्त होईपर्यंत मला कळलं नाही.