आउटरला उभी मिक्स्ड आणि यमुनेचे पेढे

"मास्तर, गाडी औटरले उभी शे," दगडू म्हणाला.

मी त्याला हातानेच थांबवले. माझे भाषण रंगात आले होते.

दगडू आमचा पॉइंट्समन. रूळ जोडायचे आणि सिग्नल ओढायचा, हे त्याचे काम. सिग्नल पडल्याशिवाय गाडी स्टेशनात येत नाही, बाहेर आउटर सिग्नलपाशीच उभी राहते, आणि मास्तरने सांगितल्याशिवाय पॉइंट्समन सिग्नल पाडत नाही. खांडबाऱ्याच्या पुढच्या त्या लहानशा स्टेशनाचा मास्तर मी.

सकाळच्या टपालात माझी पत्नी यमुना व्हर्नाक्युलर फायनल पास झाल्याचे पत्र आले होते. व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे मराठी सातवी. लग्नासाठी तिला चौथीतून काढले होते. आता चौतिसाव्या वर्षी नंदुरबारच्या केंद्रावर पोरासोरांत बसून ती पास झाली. मी दुपारच्या गाडीने पेढे मागवले, प्लॅटफॉर्मवर गाव जमवले आणि बोलायला उभा राहिलो.

"बाईला शिकवायचं तर पुरुषाचं मन मोठं लागतं," मी सांगत होतो. "मी यमुनेला शिकवलं."

खरे असे की पंधरा वर्षे मी "पुढच्या वर्षी बघू" एवढेच म्हणत आलो होतो. ती शाळामास्तरांच्या बायकोकडे दोन वर्षे शिकत होती, हे मला परीक्षेचा फॉर्म भरायच्या वेळी कळले.

"मास्तर, इंजिन शिट्टी मारी ऱ्हायनं!" दगडू पुन्हा आला.

"अरे, दोन मिनिटं थांब की!"

त्या दोन मिनिटांची बावीस झाली. ती मिक्स्ड होती, म्हणजे उतारूंचे डबे आणि मालाच्या वाघिणी एकत्र. एका डब्यात ट्रॅफिक इन्स्पेक्टर बसले होते. ते रुळांतून चालत आले. मी पेढा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"एक्स्प्लनेशन द्या, मास्तर. आणि पॉइंट्समनचा जबाबही. उद्याच्या गाडीने दोन्ही पाहिजेत."

संध्याकाळी मी खुलासा लिहिला : सिग्नलची तार अडकली, पॉइंट्समनने वेळेवर कळवले नाही. दगडूची अठरा वर्षांची नोकरी त्या ओळीवर जाणार होती.

राहिला त्याचा जबाब. निरक्षर माणसाचा जबाब मास्तरनेच लिहायचा, वाचून दाखवायचा आणि अंगठा घ्यायचा, अशी आमच्या लाइनवरची रीत. तक्रार मास्तरविरुद्ध असली तरी लिहिणारा मास्तरच. यात काही चुकते आहे, असे मला तोवर कधी वाटले नव्हते.

दगडू क्वार्टरच्या ओट्यावर येऊन बसला. "मन्ही नोकरी जाई का, बाई?"

यमुनेने माझ्या हातातला टाक काढून घेतला. "सांगा दगडूभाऊ. तुम्ही बोलाल तसंच लिहिते."

तिने खरोखरच तसेच लिहिले : 'मी दोन दाव सांगं. मास्तर पेढा वाटी ऱ्हायंतात. भाषण करी ऱ्हायंतात. मास्तरनी सांगं, थांब. मी थांबनू. सगळासले पेढा भेटना, बाईले भेटना नही.'

"हे असं वर पाठवायचं?" मी म्हणालो. "आणि पेढ्याचं कशाला?"

"ते म्हणाले, मी लिहिलं. शिकलेल्या बाईचा घराला उपयोग होतो, असं दुपारी तुम्हीच सांगत होतात ना?"

दगडूचा अंगठा झाल्यावर तिने खाली आपले पूर्ण नाव घातले आणि पुढे लिहिले : व्हर्नाक्युलर फायनल पास.

तेव्हा तरी माझा खुलासा मी फाडायला हवा होता. तेवढे धैर्य झाले नाही. दोन्ही कागद एकाच पाकिटात गेले.

पंधरा दिवसांनी वरून शेरा आला : 'जबाब स्पष्ट आहे. खुलासा समजला नाही.' दगडूची नोकरी राहिली, माझी बढती गेली. त्यानंतर गँगमन, खलाशी, सगळे जबाब लिहवून घ्यायला यमुनेकडे येऊ लागले. लाइनवरच्या मास्तर मंडळींनी माझ्याशी बोलणे कमी केले.

शेरा आला त्या दिवशी मी एक पेढा आणून तिच्यापुढे ठेवला. तिने आधी खिडकीतून सिग्नलकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"गाडी नाही ना उभी?"

गाडी नव्हती. तरीही या खेपेला मी भाषण केले नाही.