दबणारी जमीन

मॅट आत आणायचं काम चालू होतं, तेव्हा मिस्त्रीला पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला. भिंतीकडेला मॅट टाकली की धप्प असा दबका आवाज यायचा. हॉलच्या मधोमध टाकलेली मॅट मात्र ठक्क वाजली. बाकी कुणाचं लक्ष गेलं नाही. मिस्त्रीचा हात होता तिथेच थांबला. मधल्या भागाखाली काय आहे, ते तिथे फक्त त्यालाच माहीत होतं.

ते पूर्वी टायरचं गोदाम होतं. आता तिथे ज्युदोची शाळा यायची होती. जुना हॉल छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होता आणि मालकाने ती इमारत पाडायला काढली होती. शाळा चालवणाऱ्या बाईंना हे गोदाम मिळालं. ते वापरण्याजोगं करायचं काम शिकणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी सुट्ट्यांचे दिवस धरून अंगावर घेतलं. कुणी भिंती खरवडल्या, कुणी रंग दिला. एका बसड्रायव्हरने सामान वाहून आणलं. जमिनीचं काम मिस्त्रीकडे आलं, कारण त्याची लेक तिथे शिकत होती आणि लाकडातलं कळणारा दुसरा कुणी नव्हता.

दारं, जिने, दुकानांची काउंटरं, यात त्याचं आयुष्य गेलं होतं. हे काम त्याला मामाने शिकवलं. मामा नवी पायरी बसवली की तिच्यावर उडी मारायचा. कुरकुर ऐकू आली की आधी पायरी उखडायचा आणि मग भाच्याचा कान धरायचा. तेव्हापासून हलणारं लाकूड म्हणजे मिस्त्रीला स्वतःची बेअब्रू वाटायची. लग्नाच्या पंगतीत बसला तरी टेबल डुगडुगतंय का ते आधी बघायचा.

बाईंनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "जमीन दबली पाहिजे, मिस्त्री. माणूस पडला की तिने जरा खाली जायचं आणि मग वर यायचं."

दबणारी जमीन मागणारं गिऱ्हाईक त्याला जन्मात भेटलं नव्हतं. तरी त्याने मान डोलावली आणि सांगितलं तसं केलं. सिमेंटवर रबराचे तुकडे मांडले, त्यांवर लाकडी पट्ट्या टाकल्या, पट्ट्यांवर प्लायचा एक थर घातला. वरून दुसरा थर यायचा होता.

पहिला थर झाला त्या दिवशी ड्रायव्हर त्यावरून ऐटीत चालत गेला आणि मधोमध जमीन कुरकुरली.

"मिस्त्री, तुमची जमीन बोलते हो. आमची बसही एवढी बोलत नाही, आणि ती भंगारात निघालीय."

सगळे हसले. लेकही हसली. मिस्त्रीही हसला, पण ते त्याच्या मनाला लागलं. सगळे चहाला गेले तसे त्याने लांब बोल्ट काढले आणि मधल्या पट्ट्या खालच्या सिमेंटला आवळून टाकल्या. कुरकुर बंद झाली. दुसऱ्या दिवशी वरचा थर चढला, बोल्ट झाकले गेले. ड्रायव्हरने नाचून पाहिलं, तरी जमीन हूं की चूं करेना. मिस्त्रीला बरं वाटलं.

आज तो ठक्क आवाज ऐकताना त्याला कळलं, की आपण रबर आवळून मारून टाकलंय. मॅटच्या खाली लाकूड आणि लाकडाखाली सरळ सिमेंट. आणि सगळे पडणार होते ते नेमके मधोमध. सगळ्यात आधी त्याची लेक पडणार होती, बाईंनी तसं ठरवलं होतं.

जुन्या हॉलमध्ये पडताना तिच्या अंगाखालची मॅट सरकली, तिने हात टेकवला आणि कॉलरबोन मोडलं. कित्येक महिने हात गळ्यात होता. "पुन्हा त्या दारात गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस," असं तिची आई म्हणाली होती. मग एक दिवस भांडी घासता घासता, नवऱ्याकडे न बघता ती लेकीला म्हणाली, "तुझा बाप जमीन घालणार असेल तर जा."

मिस्त्रीने आजूबाजूला पाहिलं. सगळे थकले होते आणि खुशीत होते. जुन्या हॉलच्या किल्ल्या सकाळीच देऊन झाल्या होत्या. दुपारी पोरं आणि त्यांचे आईबाप यायचे होते. उद्या एकटंच येऊन काढून टाकू, असं त्याने मनाशी ठरवलं. आजचा दिवस निभावला की झालं.

तो बाईंपाशी गेला. "आज जरा कडेकडेने घ्या."

"का?"

"नवी जमीन आहे."

"नवी आहे म्हणूनच मधून बघायची," बाई म्हणाल्या.

लेक पांढरे कपडे घालून आली. खांद्यावरची पट्टी तिने काढून टाकली होती. ती हात वर-खाली करून बघत होती, आणि मिस्त्रीला तेवढंच दिसत होतं.

"चला," बाईंनी सगळ्यांना हाक मारली. "आपल्याकडे ज्याने जमीन घातली तो आधी पडतो. जुन्या हॉलात मी आणि माझा भाऊ पडलो होतो. पण मिस्त्री पडले नाहीत तरी चालेल. त्यांच्या वतीने लेक पडेल."

"मी पडतो," मिस्त्री म्हणाला.

"बाबा, तुम्ही कशाला? कंबर धरेल."

"जमीन मी घातलीय ना?"

ड्रायव्हर म्हणाला, "पडू द्या हो. उद्या जावयाने पाडण्यापेक्षा आज लेकीने पाडलेलं बरं."

लेकीने त्याला कडेला नेऊन शिकवलं. "हनुवटी छातीला लावायची. वर बघायचं नाही. हात जमिनीवर जोरात आपटायचा. टेकवायचा नाही."

"आपटला तर मोडेल."

"टेकवला तर मोडतो. मी टेकवला होता."

तिने तिथेच त्याचा शर्ट धरला, पण मिस्त्री तिचा हात सोडवून मधोमध जाऊन उभा राहिला.

"तिकडे नको, इकडे कडेला पडा. पहिल्यांदा पडताय."

"इथेच."

तिने खांदे उडवले, येऊन पुन्हा शर्ट धरला. "पोट आत घ्या, हात पोचत नाही." कुणीतरी हसलं. पुढच्या क्षणी मिस्त्रीचे पाय जमिनीवर नव्हते.

मॅट होती तरी छातीतली सगळी हवा तोंडातून बाहेर पडली. दातांवर दात आपटले, तळहातापासून कोपरापर्यंत कळ गेली. जमीन तसूभर हलली नाही. आयुष्यभर त्याला हवी होती अगदी तशी जमीन होती ती.

टाळ्या पडल्या. लेक वाकून म्हणाली, "लागलं का?"

नाही म्हटलं असतं तर सगळे पुढच्या कामाला लागले असते. मिस्त्री छताकडे बघत पडून राहिला. मग म्हणाला, "मधल्या मॅट उचला."

"कशाला?" ड्रायव्हरने विचारलं.

"खाली बोल्ट आहेत. मी मारलेत, थेट सिमेंटमध्ये. जमीन दबत नाहीये."

ड्रायव्हर चाचरत म्हणाला, "कुरकुर बंद करायला? अहो, गंमत केली होती मी."

"माहीत आहे."

"म्हणून मघाशी कडेने घ्या म्हणालात," बाई म्हणाल्या.

ते ऐकून लेक सरळ उभी राहिली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"मघाशीच कळलं. मॅटच्या आवाजावरून."

"आणि बाईंनी मला कडेला घेतलं असतं तर?"

"उद्या येऊन काढले असते."

"मला सांगून?"

मिस्त्री उठून बसला. लेकीने उत्तराची वाट पाहिली नाही. ती जाऊन मॅटचं एक टोक उचलू लागली.

मधला प्लाय निघाला. बोल्ट वीतवीतभर अंतराने निघाले. काही ठिकाणी मिस्त्रीने एकाशेजारी दुसरा मारला होता, ते पाहून ड्रायव्हर म्हणाला, "वादळ येणार होतं का?" कुणी हसलं नाही, पण तो पाना घेऊन गुडघ्यांवर बसला आणि शेवटपर्यंत उठला नाही. एका बोल्टाचं डोकं झिजलं होतं. मिस्त्रीने ते कापून काढलं. ठिणग्या त्याच्या मनगटावर उडत होत्या, तरी त्याने हात मागे घेतला नाही. पोरं आली. बाईंनी त्यांना भिंतीकडेला बसवलं. काय चाललंय ते त्यांच्या आईबापांना त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मिस्त्री तिथेच ओणवा होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

प्लाय परत बसला, मॅट परत अंथरल्या. आता चालताना पायाखाली जमीन जराशी दबत होती. बाई मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि लेकीला म्हणाल्या, "ये."

लेक मॅटच्या कडेला थांबली. तिने बापाकडे पाहिलं. "अजून काही आहे खाली?"

आजवर गिऱ्हाइकांनी मिस्त्रीला हजारदा हमी मागितली होती आणि त्याने ती हसत हसत दिली होती. आता त्याने आधी एकेक पट्टी मनातल्या मनात मोजली.

"नाही," तो म्हणाला.

लेक तरीही क्षणभर थांबली. मग कंबरपट्टा आवळून ती आत गेली. बाईंनी तिची बाही धरली आणि वळून तिला खांद्यावरून टाकलं. धप्प आवाज झाला. तिच्या पाठीखाली जमीन दबली आणि वर आली. तिचा हात जोरात आपटलेला सगळ्यांनी पाहिला. ती पडूनच होती.

"खांदा?" बाईंनी विचारलं.

"आहे जागेवर." ती उठली, केस मागे सारले आणि बाईंसमोर पुन्हा उभी राहिली. बापाकडे तिने पाहिलं नाही. "आता मोडलेल्या बाजूवर टाका."